हिरव्या शाईतला मुलगा

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. जुना म्हणजे तबकडीचा, भोकात बोट घालून गरागरा फिरवायचा, तसला. रंग सायीचा, आता जरा पिवळट पडलाय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुम्ही म्हणायला नको की याने आम्हाला फसवलं. मी आयुष्यात एकदाही वाजलेलो नाही. टीव्हीवर तुम्ही मला वाजताना ऐकलं असेल, पण तो आवाज माझा नव्हे. तो नंतर एका बंद खोलीत बसून चिकटवायचे.

कारखान्यात मी तयार झालो तेव्हा माझ्यासारखेच चाळीस भाऊ एका ओळीत उभे होते. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायच्या आणि प्रत्येकाला वाजवून बघायच्या. भाऊ काय खणखणीत वाजले! माझी पाळी आली आणि मी नुसता आतल्या आत थरथरलो. बाईंनी मला उलटा केला, पाठीत दोन चापट्या मारल्या, पुन्हा बघितलं. "मुका आहे गं हा," त्या शेजारणीला म्हणाल्या आणि माझ्या पोटावर फुली मारली. मला फार वाईट वाटलं. भावांना पांढऱ्या खोक्यांत घालून घरोघरी पाठवलं आणि मी कोपऱ्यातल्या पेटीत जाऊन पडलो.

पण जगात एक जागा अशी आहे जिथे मुका फोनच बरा असतो. ती म्हणजे टीव्ही मालिकेचा सेट. ऐन सीनमध्ये फोन वाजला तर तिथे त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. तर फिरत फिरत मी एका स्टुडिओच्या सामानखोलीत आलो, नकली पिस्तुलं आणि आतून पोकळ असलेली पुस्तकं यांच्या मधोमध. तिथलं राज्य प्रॉपर्टीवाल्या काकांचं. सेटवर लागणाऱ्या सामानाला तिथे प्रॉपर्टी म्हणतात, आणि कपबशीपासून कपाटापर्यंत सगळी प्रॉपर्टी काकांच्या ताब्यात. काका अंगाने आडवे, डोक्यावर मोजून बारा केस, आवाज मात्र एवढा मऊ की ओरडले तरी कोणाला ते ओरडलेत असं वाटायचं नाही.

एके दिवशी एका नव्या मालिकेचं शूटिंग सुरू व्हायचं होतं. आई, मुलगी आणि मुलगा असं तिघांचं घर. घर कसलं म्हणा, प्लायवूडच्या तीन भिंती आणि चौथ्या बाजूला कॅमेरे. सकाळी नऊला सगळे तयार होऊन बसले, पण मुलाचं काम करणारा नट काही येईना. दहा वाजले, अकरा वाजले. मग निरोप आला की त्याला सिनेमा मिळालाय, तो आता यायचा नाही. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला.

मुख्य लेखिका तिथेच सेटच्या पायरीवर बसल्या होत्या. मित्रांनो, रोजची मालिका एकट्याने लिहून होत नाही, चार-पाच जण मिळून लिहितात. पण पुढे काय घडायचं, कोणी जगायचं आणि कोणी मरायचं हे ठरवणारं माणूस एकच असतं. तो मुख्य लेखक. या बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणायचे. त्यांनी मांडीवर वही घेऊन पंधरा मिनिटं खरडलं आणि मान वर केली.

"मुलगा आज पहाटेच जहाजावर नोकरीला गेला," त्या म्हणाल्या. "काका, एखादा फोन आहे का हो तुमच्याकडे?"

अशी माझी नेमणूक झाली.

आता मालिकांमधला फोन म्हणजे काय प्रकार असतो ते मला ठाऊक होतं. नटी कानाला रिसीव्हर लावते, मनातल्या मनात एक दोन तीन मोजते आणि ओरडते, "काय? नाही, हे शक्य नाही!" पलीकडे कोणीच नसतं, आणि ते तिच्या तोंडावर दिसतं. मास्तरीणबाईंना या प्रकाराची भयंकर चीड होती. आईची वाक्यं त्यांनी काळ्या शाईने लिहिली आणि त्यांच्या मधे पलीकडच्या मुलाचीही सगळी वाक्यं लिहिली, हिरव्या शाईने. ही हिरवी वाक्यं प्रेक्षकांना कधीच ऐकू जाणार नव्हती. "पण आईला कळायला नको का पोरगा काय म्हणतोय ते?" बाई म्हणाल्या. "ती ऐकेल तेव्हाच बोलेल ना."

मग ती वाचणार कोण? माझी वायर भिंतीतल्या भोकातून मागे जायची आणि तिथे एका खिळ्याला गुंडाळलेली असायची. त्या खिळ्यापाशी त्या वेळी एकटे काकाच रिकामे उभे होते. बाईंनी कागद त्यांच्या हातात कोंबला. काकांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि भिंतीमागून हळूच म्हणाले, "आई, मी पोचलो गं."

मेकअपवाली फिस्सकन हसली. साहजिक आहे, पन्नाशीचा टकल्या माणूस आणि 'आई, मी पोचलो गं'! पण भिंतीच्या या बाजूला आईचं काम करणाऱ्या बाईंनी मला कानाशी घट्ट धरलं होतं, आणि त्या हसल्या नाहीत.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"खोटं बोलतोस."

"समुद्र लागलाय गं. पोटात काही ठरत नाही."

"मग नोकरी जहाजावर कशाला धरलीस रे गाढवा?" असं म्हणून त्या हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. हे रडणं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यानंतर मेकअपवाली कधी हसली नाही.

त्या बाईंना सेटवर सगळेच आई म्हणायचे, वयाने मोठा असलेला कॅमेरामनसुद्धा. मीही आईच म्हणतो, आणि अहो-जाहो काही करत नाही. माझा कान तिच्या कानाला अकरा वर्षं लागलेला होता, आमच्यात कसला आलाय परकेपणा!

हो, अकरा वर्षं. दर पंधरवड्याला एक फोन. मालिका चालली म्हणजे अशी चालली की मुलीचं दोनदा लग्न झालं, शेजारी तीनदा बदलले, पण मुलाचा फोन काही चुकला नाही. हिरव्या शाईत तो मुलगा मोठा होत गेला. इंजिनाच्या खोलीत काम करून करून त्याला उजव्या कानाने कमी ऐकू यायला लागलं, म्हणून आई प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायला लागली. जहाजावरच्या स्वयंपाक्याशी त्याचं भांडण झालं, मग गट्टी झाली. एका बंदरातल्या मुलीवर त्याचं मन बसलं आणि ते त्याने तीन फोन लपवून ठेवलं. आईने ते चौथ्या फोनला ओळखलं, कारण काकांचा आवाज जरा चोरटा झाला होता. काका काही नट नव्हते हो. पण हिरवा कागद हाती आला की ते सामानखोलीत बसून तो आधी दोनदा मनात वाचायचे. कुठल्या वाक्यात पोरगा खरं बोलतोय आणि कुठल्या वाक्यात आईला काळजी नको म्हणून थापा मारतोय, हे त्यांना नेमकं कळायचं.

लोकांनाही तो मुलगा लळा लावून गेला, न बघता, न ऐकता! आईला पत्रं यायची. कोणी लिहायचं, त्याला गरम कपडे पाठवा. कोणी लिहायचं, आता पुरे झालं जहाज, बोलवून घ्या त्याला घरी. आईचा खरा मुलगा बँकेत होता. तो एकदा शूटिंग बघायला आला आणि बघून झाल्यावर म्हणाला, "माझा फोन आला की तू दोन मिनिटांत ठेवतेस. याच्याशी बरी तास तास बोलतेस!"

"तू काय बोलायचं ते कोणी लिहून देत नाही ना तुला," आई म्हणाली, आणि सगळा सेट हसला. तो मुलगाही हसला. किती चांगले दिवस होते ते! माझं कौतुक व्हायचं, काका मला रोज मऊ फडक्याने पुसायचे, तबकडीच्या भोकांतली धूळ काडीला कापूस लावून काढायचे. मी वाजत नाही हे मी विसरूनच गेलो होतो.

मग प्रेक्षक कमी व्हायला लागले. दर आठवड्याला कुठूनसा एक आकडा यायचा आणि तो आला की सगळ्यांचे चेहरे उतरायचे. चॅनलची माणसं म्हणाली, मालिकेत काही घडत नाही, नुसते फोन चाललेत. आणि एका दुपारी मास्तरीणबाईंना सांगितलं की उद्यापासून येऊ नका. अकरा वर्षांनंतर, असं सहज. मी तिथेच टेबलावर होतो.

"नव्या माणसाला भेटून जरा सांगू का?" बाईंनी विचारलं. "तीन हजारांवर भाग झालेत. बऱ्याच गोष्टी आहेत."

"काही गरज नाही, बाई," ऑफिसमधला माणूस म्हणाला. "त्यांना सगळी यादी पाठवलीय."

बाई उठल्या. जाताना भिंतीमागे जाऊन काकांना एवढंच म्हणाल्या, "पोराकडे लक्ष असू द्या." काकांनी मान हलवली. पण काका काय लक्ष ठेवणार? त्यांच्या ताब्यात कपबश्या आणि कपाटं होती.

नवे मुख्य लेखक आले, हाताखालचे लेखकही आपलेच घेऊन. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "दर शुक्रवारी एक धक्का बसला पाहिजे." तेव्हापासून त्यांचं नाव धक्केवाले पडलं. माणूस वाईट नव्हता, मी खोटं कशाला बोलू? चहा आणून देणाऱ्यालाही थँक्यू म्हणायचे. एका वेळी तीन मालिका लिहायचे आणि खिशात ऍसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी बाळगायचे. जुने सगळे भाग बघायला दिवसाचे आठ तास बसलं तरी चार महिने लागले असते, आणि त्यांना वेळ मिळाला होता चार दिवस. म्हणून त्यांनी ऑफिसने पाठवलेली यादी वाचली. ती कलाकारांची यादी होती. कोणता नट, कोणाचं काम करतो, कधीपासून करतो. त्यात आई होती, मुलगी होती, शेजारीण होती, दोन भागांपुरता आलेला पोस्टमनसुद्धा होता.

मुलगा नव्हता. त्याचं काम कोणी करतच नव्हतं, मग तो यादीत कसा असणार?

मित्रांनो, फोन बंद झाले. एक पंधरवडा गेला, दोन गेले, चार महिने गेले. माझ्यावर धूळ बसायची आणि काका ती पुसायचे. आई येता-जाता माझ्यावरून हात फिरवायची. "विसरला वाटतं आपल्याला," एकदा ती काकांना म्हणाली. "तिकडे वादळं असतात या दिवसांत," काका म्हणाले, आणि मग दोघंही जरा ओशाळून हसली.

मग तो सीन आला. नवी शेजारीण विचारते, तुम्हाला मुलं किती? आणि आई म्हणते, मला एकच मुलगी, एकुलती एक.

आई ते वाक्य वाचून थांबली. "हे चुकलंय," ती म्हणाली. "मला मुलगा आहे."

दिग्दर्शकही नवाच होता. "कुठाय?" त्याने विचारलं.

"जहाजावर."

त्याने धक्केवाल्यांना फोन लावला. खऱ्या फोनवरून, माझ्यावरून नव्हे. ते मीटिंगमध्ये होते. पुन्हा लावला, निरोप ठेवला. हा भाग दुसऱ्याच दिवशी दाखवायचा होता, थांबायला वेळ नव्हता.

"नुसतं 'मुलगी आहे' म्हणू का?" आईने विचारलं. "एकुलती एक तेवढं गाळते."

"पुढच्या तीन सीनमध्ये तेच चाललंय हो, एकुलती एक, एकुलती एक. सगळंच बदलावं लागेल. एक ओळ तर आहे आई, म्हणून टाका ना."

मी तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होतो. मला वाटलं, आता वाजावं! एकदाच, कसंही, घशातून नुसती घरघर निघाली तरी चालेल! सगळ्यांना कळू दे की पलीकडे कोणीतरी आहे. मी आतल्या आत थरथरलो, बस्स, त्यापलीकडे काही नाही. आईने माझ्याकडे बघितलं आणि ती ओळ म्हणून टाकली. भिंतीमागे काका उभे होते. त्यांना कोण विचारतंय?

दुसऱ्या दिवशी तो भाग दाखवला आणि जो काही गहजब झाला म्हणता! स्टुडिओचे फोन थांबेनात. 'मुलगा कुठे गेला?' 'आई पोटच्या पोराला विसरली?' एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर चार पानी पत्र लिहून आईलाच खडसावलं. चॅनलने धक्केवाल्यांना बोलावून चांगलं फैलावर घेतलं आणि ते तडक सेटवर आले.

"मला कोणी सांगितलं का नाही?" ते ओरडले.

काका पुढे झाले. "साहेब, तुम्ही विचारलं असतंत तर..."

"काका, तुम्ही तुमची प्रॉपर्टी बघा."

काका मागे झाले. धक्केवाल्यांनी दोन गोळ्या तोंडात टाकल्या, सोफ्यावर बसले, आणि बसल्या बसल्या त्यांचा चेहरा उजळला. मी तो उजळताना पाहिला आणि मला धडकीच भरली.

"चूक नाहीच आहे ही," ते म्हणाले. "आई मुद्दाम म्हणाली, एकच मुलगी. का? कारण मुलगा गेलाय! चार महिन्यांपूर्वी जहाज बुडालं. तिला फोन आला होता, पण तिने कोणाला सांगितलं नाही. एकटीने गिळलं सगळं. तो फोन आपण आता दाखवायचा. काय धक्का आहे!"

कोणीतरी टाळी वाजवली. खरं सांगायचं तर गोष्ट बसत होती, अगदी चपखल बसत होती. झालेली चूक त्यांनी अशी झाकली की शिवण कुठेच दिसेना.

आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मारू नका हो त्याला," ती म्हणाली. "तिकडेच लग्न करून राहिला म्हणा. माझ्यावर रागावलाय म्हणा. मी म्हातारी झाले, विसरले म्हणा, मला वेड लागलं म्हणा. मी करीन वेडीचं काम. पण तो असू द्या."

धक्केवाले तिच्याकडे बघत राहिले. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "आई, अहो, त्याचं काम कोणीच करत नाहीये," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "कोणाची नोकरी जात नाहीये. यात कोणाचं काही नुकसान आहे का, तुम्हीच सांगा."

आईला उत्तर देता आलं नाही. मित्रांनो, तुम्हाला तरी आलं असतं का? मला अजून सुचलेलं नाही, आणि मी रोज विचार करतो.

शूटिंगच्या दिवशी आईच्या हातात जो कागद आला त्यात हिरवं काहीच नव्हतं. एवढंच होतं: आई रिसीव्हर उचलते. ऐकते. टिंब टिंब टिंब. किंचाळते. रिसीव्हर हातातून पडतो. काका तरीही भिंतीमागे येऊन उभे राहिले. वाचायला काही नव्हतं, पण दुसरीकडे कुठे उभं राहायचं हे त्यांना कळलं नसावं.

आईने मला उचललं आणि कानाला लावलं. तिचा कान थंड पडला होता. ती ऐकत राहिली, टिंबांपेक्षा कितीतरी जास्त वेळ. मग शांतपणे म्हणाली, "राँग नंबर लागलाय तुम्हाला. माझा मुलगा ठीक आहे." आणि तिने रिसीव्हर जागेवर ठेवून दिला, झोपलेल्या पोराला खाली ठेवावं तसा.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. "आई, छान झालं. फार छान. पण... लिहिलंय तसं घेऊ या."

दुसऱ्यांदा तिच्या तोंडून किंकाळी फुटेना. तिसऱ्यांदाही तेच. त्या वेळी मी बंद पडलो असतो तर शूटिंग थांबलं असतं, पण मी आधीपासूनच बंद होतो. बंद पडायचीसुद्धा सोय मला नव्हती. चौथ्यांदा ती किंचाळली. मी तिच्या हातातून सुटलो, फरशीवर आपटलो आणि माझ्या कानाचा टवका उडाला. "परफेक्ट!" दिग्दर्शक म्हणाला. आईने वाकून टवका उचलला आणि काकांच्या हातात दिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

त्या आठवड्याचा आकडा अकरा वर्षांतला सगळ्यात मोठा होता. सेटवर केक कापला.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. फोन नाही, तर आईला काम काय? आधी ती खिडकीत उभी राहायची, मग नुसती मागून ये-जा करायची, मग एका भागात मुलगी म्हणाली, आई मावशीकडे राहायला गेलीय. संपलं. मला जुन्या कापडात गुंडाळून खोक्यात ठेवलं. काका महिन्यातून एकदा खोकं उघडायचे, मला पुसायचे, तुटलेला टवका त्यांनी डिंकाने चिकटवला होता तो हलतोय का बघायचे आणि पुन्हा झाकण लावायचे. बोलायचे काही नाहीत.

नऊ महिन्यांनी आकडा पुन्हा घसरला आणि धक्केवाल्यांनाही तसंच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. म्हणे ते बराच वेळ पार्किंगमध्ये गाडीत बसून होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

त्यांच्या जागी एक तरुण लेखिका आल्या. हुशार होत्या, मेहनती होत्या. त्यांनी शेवटचे दोनशे भाग बसून बघितले आणि त्यांना एक गोष्ट सापडली: जहाज बुडालं म्हणतात, पण प्रेत कुठे दाखवलंय? झालं. मुलगा जिवंत! एका बेटावर होता, परत येतोय. आईलाही बोलावणं गेलं.

काका धावतच सामानखोलीत आले. खोकं उघडून त्यांनी मला बाहेर काढलं. त्यांचा चष्मा धुरकटला होता. "चल रे," ते मला म्हणाले, "पोरगं आलं." इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

सेट पुन्हा उभा राहिला, तेच टेबल, तीच भिंत. आई आली. नऊ महिन्यांत ती वाळून गेली होती, पण चेहऱ्यावर असं तेज होतं की मेकअपवाली म्हणाली, आज मला कामच नाही. आणि मुलगा आला. उंचापुरा, पिळदार दंडांचा, गोड पोरगा होता. सगळ्यांना वाकून नमस्कार करत होता. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि त्याने तरी काय म्हणून विचारावं? तो आधीच्या वर्षी शाळेतून बाहेर पडलेला, पहिलंच काम.

सीन साधा होता. दार उघडतं, मुलगा उभा, आई धावत जाते. दिग्दर्शकाने खूण केली. दार उघडलं.

"मॉम," तो म्हणाला. कागदावर तसंच होतं. "मॉम, मी आलो."

आईने झटकन मान वळवली. दाराकडे नाही, भिंतीकडे. माझ्या वायरीचं भोक आहे ना, तिथे. ती कान देऊन उभी राहिली.

"कट! आई, तिकडे कुठे बघताय?" दिग्दर्शक हसून म्हणाला. "मुलगा इथे उभा आहे, दारात."

"हो, हो," आई म्हणाली. "चुकलं माझं."

दुसऱ्यांदा दार उघडलं, दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मॉम, मी आलो," आणि दुसऱ्यांदा तिने भिंतीकडे पाहिलं. पोरगा बिचारा गोंधळला, त्याला वाटलं आपलंच काही चुकतंय. तिसऱ्यांदा आईने डोळे मिटून घेतले आणि तशीच धावत जाऊन त्याला मिठी मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तरुण लेखिकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, डोळे मिटायची कल्पना काय सुंदर होती!

मित्रांनो, मी या सगळ्यात काय करू शकलो? काहीही नाही. मी एक मुका फोन, मला उचललं तर मी उचलला जातो आणि ठेवलं तर ठेवला जातो. पण तुम्हाला हात आहेत, तोंड आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि कोणाचं तरी अर्ध्यावर राहिलेलं काम तुमच्या हातात येईल. एखादं दुकान, एखादी शाळा, एखादं घर. तेव्हा तुम्हाला एक यादी देतील. ती जरूर वाचा. पण वाचून झाली की खुर्चीवरून उठा, आणि तिथे जे आधीपासून उभे आहेत त्यांना विचारा की यादीत कोण राहिलंय. फार वेळ लागत नाही त्याला, एक कप चहा होईपर्यंत होतं.

आमच्याकडे एक सोडून तीन मुख्य लेखक झाले. शेवटच्या दोघांपैकी एकाने जरी विचारलं असतं, तर काकांनी सगळं सांगितलं असतं, अगदी पहिल्या दिवसापासून. शोधायलाही कुठे जावं लागलं नसतं. ते भिंतीच्या मागेच उभे होते.